छत्तीसवरून चोवीसवर

मित्रांनो, मी एक जुना वेगनियंत्रक आहे. जेवणाच्या डब्याएवढी लोखंडी पेटी, पुढच्या बाजूला एक गोल बटण आणि त्याभोवती कोरलेले आकडे, एवढंच माझं रूप. पूर्वी कॅमेऱ्यात फिल्म असायची आणि ती मोटरवर पळायची. किती वेगानं पळायचं, हे तिला मी बाहेरून सांगायचो. सेकंदाला चोवीस चित्रं घेतली आणि चोवीसच दाखवली, तर पडद्यावरचा माणूस खऱ्यासारखा चालतो. जास्त घेऊन चोवीसनं दाखवली, तर तोच माणूस संथ होतो.

माझे मालक भागवतकाका नांदेडचे. सरकारी कामांच्या फिल्म काढायचे. माणूस फार शिस्तीचा. काम संपलं की मला पुसायचे, बटण चोवीसवर आणायचे आणि मगच पेटीत ठेवायचे. उद्याच्या कामात घोळ नको, म्हणून ही सवय. लोक त्यांचं कौतुक करायचे आणि मीही फुशारून जायचो. आता ते आठवलं की लाज वाटते.

चाळीसेक वर्षांपूर्वी इस्लापूरच्या बाजूला एका छोट्या बंधाऱ्याच्या नव्या दरवाजाची चाचणी होती. पाणी कसं उसळतं ते नीट दिसावं म्हणून काकांनी वेग वाढवायचं ठरवलं. त्यांनी मला छत्तीसवर नेलं. वरून लाल निशाण खाली आलं. दरवाजा उघडतोय, खाली कोणी असेल तर वर या, अशी ती खूण होती. खाली व्यंकट नावाचा मजूर गाळ काढत होता. तो पायऱ्यांकडे निघाला, आणि पाणी आलं.

काका कॅमेरा तसाच टाकून धावले. व्यंकटचा देह संध्याकाळी दूर खाली सापडला. काका परतले. त्यांनी मला पुसलं आणि सवयीनं चोवीसवर आणून ठेवलं. फिल्मच्या डब्यावर वेगाचा आकडा लिहायचा मात्र राहून गेला.

पुढे चौकशी झाली. कॅमेरा किती वेगावर होता, असं काकांना विचारलं गेलं. त्या दिवसाचं त्यांना काहीच नीट आठवेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चोवीस लिहून दिलं. ते खोटं बोलले नाहीत, मित्रांनो. खोटा मी होतो आणि मला तोंड नव्हतं. चौकशीच्या साहेब लोकांनी पडद्यासमोर बसून घड्याळ लावलं. निशाण खाली आल्यापासून पाणी येईपर्यंत अठरा सेकंद भरले. वर यायला पंधरा पुरे होते. म्हणजे व्यंकट रेंगाळला आणि आपल्या चुकीनं मेला, असं कागदावर आलं. खरं तर छत्तीसच्या हिशेबानं त्याला बाराच सेकंद मिळाले होते.

गावात त्याचं नाव रेंगाळ्या पडलं. त्याची बायको पंचफुलाबाई तेव्हा विशीत होती, मुलगी अयोध्या पाळण्यात.

मग फिल्मचे दिवस संपले आणि मी माळ्यावर गेलो. त्या फिल्मची एक प्रत काकांच्या ट्रंकेत होती, पण ती बघायची त्यांची कधी छाती झाली नाही. यंदा त्यांची नात पुनम हिनं घरातल्या सगळ्या फिल्म हैदराबादेतून संगणकावर उतरवून आणल्या. काकांनी ती पहिल्यांदा पाहिली. निशाण फार सावकाश फडफडत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"छत्तीसवर होता," ते म्हणाले आणि त्यांनी मला माळ्यावरून काढायला लावलं.

दुसऱ्या दिवशी आजोबा-नात मला पिशवीत घालून इस्लापूरला गेले. पंचफुलाबाई अंगणात तूर निवडत होत्या. पुनमनं वेग नीट करून फिल्म मोबाइलवर लावली. निशाण खाली आलं आणि व्यंकट सुटलाच. भराभर पायऱ्या चढत होता. पाण्यानं त्याला वर पोचता पोचता गाठलं.

"पळाला की," पंचफुलाबाई म्हणाल्या. "लई पळाला."

काकांनी मला पिशवीतून काढलं, आकडे दाखवले, हात जोडले. पंचफुलाबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"लोकाचं जाऊ द्या, भाऊ. मीच पोरीला म्हणून राहिले इतकी वर्सं, बापावानी रेंगाळू नको म्हणून."

त्यांनी पुनमला लातूरला राहणाऱ्या अयोध्याचा नंबर लावायला सांगितलं. फोन लागला. पलीकडून अयोध्या आई म्हणाली, आणि पंचफुलाबाई निशाणापासून सांगू लागल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंवरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण एखादं बटण जागेवर आणण्याआधी ते कुठं होतं, तेवढं लिहून ठेवा. मला तर पुसूनच ठेवलं होतं.