रोमची खंडणी आणि हन्नाबाईंची मूठ

मी काळ्या मिरीचा एक दाणा बोलतोय. आवाज बारीक आहे, जरा वाका. पुणतांब्यातल्या हन्नाबाईंच्या फडताळाखाली पडलोय.

जन्म केरळातल्या वेलीवरचा. आम्हाला तोडून उन्हात टाकतात. काळे पडलो, सुरकुतलो, की लोक म्हणतात, माल उत्तम आहे.

आमच्या पूर्वजांना प्राचीन रोमच्या स्वयंपाकघरात फार मान. माशावर मिरी, डुकरावर मिरी, गोडावरसुद्धा मिरी. शत्रूने शहराला वेढा घातला, तेव्हा सोन्याचांदीबरोबर तीन हजार रत्तल मिरीही खंडणीत मागितली. उपाशी शहराने दिली. शत्रू गेला, आणि दोन वर्षांनी परत येऊन त्याने शहर लुटलंच.

हन्नाबाईंनीही तीच चूक केली. मुलगी एस्तेर दुसऱ्या दिवशी नर्सिंग शिकायला नगरला निघायची होती. दीर सायमन तिचं लग्न ठरवून बसलेला. त्याने निवावं म्हणून मटण शिजवलं आणि आम्हाला खलबत्त्यात घातलं. बत्ता पडू लागला. भाऊबंद शेजारी चिरडत होते. मी उडालो तो थेट फडताळाखाली. पळपुटा म्हणा.

सायमनने तीन वाट्या रस्सा ओरपला, ढेकर दिला, आणि एस्तेरच्या दाखल्यांची फाईल उचलून गॅस पेटवला.

"लई शिकली. आता बास!"

"काका, न्हाई!" एस्तेर आडवी आली. त्याने झिंज्या धरून तिला भिंतीवर आपटलं. कपाळ फुटलं.

"भावजी, फाईल ठिवा खाली."

"तू गप! भाऊ मेला, आता या घरात मी सांगन ते!"

थोबाडीत बसली. हन्नाबाई खलबत्त्यापाशी कोसळल्या. उठल्या त्या उरलेल्या पुडीने मूठ भरूनच.

सायमन बैलासारखा ओरडला. डोळे चोळून त्याने आमच्या भाऊबंदांना आणखी आत नेलं. माणसाची ही सवय फार सोयीची. फाईल पडली. हन्नाबाईंनी बत्ता उचलला.

"दार उजव्या हाताला हाय, भावजी. उंबऱ्याला ठेचकाळू नका."

सकाळच्या गाडीने एस्तेर गेली. शिक्षण सुरू व्हायच्या आधीच पहिली पट्टी तिने बांधली, स्वतःच्याच कपाळाला.

रोमने आम्हाला शत्रूच्या हातात दिलं, हन्नाबाईंनी डोळ्यांत. पण सायमन परत येईल. असले लोक येतात, आमच्या कुळाला अनुभव आहे. म्हणून बाई, झाडताना मी सापडलो तर केरात टाकू नका. खलबत्त्यात घाला.

या वेळी उडणार नाही.