बारा चिंचोके

ज्योत्स्नाबाईंनी सकाळपासून सोळा मुलं तपासली होती. आसगावकडच्या त्या दोन खोल्यांच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांना एकवीस वर्षं झाली होती, आणि यंदाच्या प्रशिक्षणातून पियाजे नावाच्या मानसशास्त्रज्ञाची चाचणी गळ्यात पडली होती. सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडायच्या, मुलाच्या डोळ्यांदेखत एक ओळ पसरून लांब करायची आणि विचारायचं; मूल ‘सारखेच’ म्हणालं तर बरोबर. उत्तर चुकलं तरी टोकायचं नाही, कारण विचारायचं. मूल चुकतं तेही काहीतरी विचार करूनच. हे ऐकताना बाईंना फार बरं वाटलं होतं. पण पाचच्या आत सगळं मोबाइलवर भरायचं होतं. चौथ्या मुलानंतर त्यांनी कारण विचारणं सोडून दिलं.

सतरावी रंजू. तिची आई जनाबाई तलावातले मासे अड्याळच्या बाजारात विकायची, आणि बाजाराच्या दिवशी पोरगी शाळेत नसायचीच. गेल्या वर्षी बाईंनीच तिच्या नावापुढे ‘मागे’ असं लिहिलं होतं.

“कोणत्या ओळीत जास्त दिसतात?”

रंजूनं लांब ओळीवर बोट ठेवलं. बाईंनी ‘चूक’वर टिचकी मारली, पण रेंज गेली आणि मोबाइल अडकला. नुसतं काय बसायचं म्हणून त्यांनी कारण विचारलं, “काहून वं?”

“पसरवले ना तुम्ही. माय बी टोपल्यात मासे असेच पसरवते. जास्त दिसते.”

“मंग जास्त आहेतच ना?”

“नाही जी. तेवढेच हायेत. तुम्ही ‘दिसते’ म्हनलं.”

बाईंनी सूचनांचा कागद उलगडला. तिथं स्पष्ट छापलं होतं: ‘जास्त आहेत का?’ थकल्या तोंडानं त्या सकाळपासून भलतंच विचारत होत्या.

“माहं चुकलं का, बाई?”

“नाही. माझं चुकलं.”

मुख्याध्यापक भैय्याजी दारात आले. “झालं का, मॅडम? चार वाजून राहिले.”

“नाही, सर. पहिल्यापासून घ्यावं लागन.”

“सगळ्यायले? अन् वर काय सांगू?”

“बाईनं प्रश्न चुकीचा विचारला, म्हणून सांगा.”

ते निघून गेले. बाईंची कंबर भरून आली होती. एकवीस वर्षांत किती मुलांना असं विचारलं असेल, हे मोजायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. रेंज आल्यावर त्यांनी रंजूची ‘चूक’ आणि आधीच्या सोळाही नोंदी पुसल्या, चिंचोके पुन्हा दोन ओळींत मांडले आणि पहिल्या मुलीला हाक मारली.