सगळ्यांचे मिळून एकच कुलूप

मी एक जुने कुलूप आहे, मित्रांनो. मला किल्ली नाही आणि अंगात लोखंडाचा कणही नाही. एका रुग्णालयाच्या वॉर्डात बारा खाटांच्या नाडीवर नजर ठेवणारा एक संगणक आहे. त्याच्या प्रोग्रॅममध्ये मी चार ओळींची जागा धरून आहे.

मला काकांनी लिहिले. काका या कामातले जुने जाणते. संगणकातल्या पडद्याला, घंटेला, प्रिंटरला चालवणारा एकेक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, असतो आणि हे ड्रायव्हर एकमेकांच्या कामात हात घालू लागले की सगळा विचका होतो. म्हणून काकांनी सगळ्यांना मिळून एकच कुलूप दिले. ज्याला काम असेल त्याने मला लावायचे, काम उरकायचे आणि मला उघडायचे. बाकीच्यांनी तोवर दाराशी ताटकळायचे. अकरा वर्षे एकही गोंधळ झाला नाही. मला त्याचा गर्व होता, खोटे कशाला बोलू?

पण मी सगळ्यांचा खोळंबा करत असे, हेही खरेच. प्रिंटर तर भलताच रेंगाळणारा. तो मला लावून बसला की नाडी बिघडल्यावर वाजणाऱ्या घंटेलाही थांबावे लागे. एकदा घंटा नऊ सेकंद उशिरा वाजली. रोगी वाचला, पण मोठ्या सिस्टरांनी तक्रार केली. त्यांचे काय चुकले?

तोवर काका निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या ताईने प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचे छोटे कुलूप द्यायचे ठरवले. ताई हुशार आणि कामसू. सहा आठवडे तिने मान वर केली नाही. पडदा मोकळा झाला, घंटा मोकळी झाली. "प्रिंटरला कसली घाई? राहू दे त्याला जुन्याच कुलपावर," ती म्हणाली. म्हणून तेवढ्यापुरते मी उरले.

आता नीट ऐका. कोणती तार कोणत्या खाटेची, याची एक यादी आहे. घंटा त्या यादीत तारेच्या क्रमाची ओळ वाचून खाटेचा नंबर दाखवते. प्रिंटर मात्र तीच यादी हलवतो. दुपारी दोनला पाळी बदलते, तेव्हा मोठ्या सिस्टरांना सगळ्यात अत्यवस्थ रोग्याचे नाव कागदावर वर हवे असते. म्हणून प्रिंटर ओळी वरखाली करतो, छापतो आणि पुन्हा जागेवर लावतो. त्या यादीची राखण मीच करत होते. काकांनी हे कुठे लिहून ठेवले नाही, कारण कुलूप होतेच. ताईनेही कुणाला विचारले नाही.

आता प्रिंटर मला लावून आत बसतो आणि घंटा स्वतःचे कुलूप लावून दुसऱ्या दाराने आत येते. दोघांनाही वाटते, आपण एकटेच आहोत. मला सगळे दिसते, पण बोलता येत नाही.

पहिल्यांदा तसे झाले, तेव्हा घंटेने तीन नंबर दाखवला. सिस्टर धावल्या, तर तिथले आजोबा आरामात दाढी करत बसलेले. "मी गेलो की काय?" त्यांनी विचारले आणि सगळे हसले. खरे संकट सात नंबरवर होते. तिथला रोगी आपसूक सावरला, म्हणून कुणाला कळलेही नाही. दोष एका सैल तारेवर गेला.

काल ताईची आई सात नंबरला दाखल झाली. आज दोनला पाच मिनिटे असताना ताई तिच्या उशाशी स्टुलावर बसली होती. तिने भिंतीकडे बोट दाखवले.

"ती घंटा मी मोकळी केलीय, आई. आता ती कुणासाठी अडत नाही. तू निवांत झोप."

आईने डोळे मिटले. मोठ्या सिस्टरांनी छपाईचे बटण दाबले. प्रिंटरने मला लावले आणि ओळी हलवायला घेतल्या. सातव्या तारेसमोर क्षणभर तीनचा आकडा आला. त्याच क्षणी आईची नाडी ढासळली आणि घंटा दुसऱ्या दाराने आत शिरली.

मित्रांनो, मी संथ होते, मला काढायलाच हवे होते. फक्त जुने काही काढण्याआधी विचारा, की हे आजवर काय काय राखत होते. आणि माझ्यासारखे कुणी बसवलेत, तर ते कशासाठी, हे एका ओळीत लिहून ठेवा.

घंटा वाजली. पडद्यावर तीनचा आकडा लाल झाला. ताई चटकन उठली आणि सिस्टरांच्या मदतीला तीन नंबरकडे धावली. आईकडे तिची पाठ होती.