पंख्याचा पीळ

“दाजी, हे धूड नाकावर बसवलंत तर विमान उडायचं नाही, जमीन नांगरेल!” सुतार म्हणाला.

दाजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कडब्याच्या शेडमध्ये दोन इंजिनं पडली होती. एक मोटारसायकलचं, दोघांनी सहज उचलावं असं. दुसरं ठोकरलेल्या मोटारीचं. ते हलवायला पहार लागायची. मधोमध कापडाचे पंख ताणून विमान उभं होतं. दाजी पंप दुरुस्त करायचे, कामाला वाघ. पण या विमानापायी गाव त्यांना तोंडावर उडाणटप्पू म्हणू लागलं होतं.

“बरं, हलकंच बसवू,” शेवटी ते म्हणाले. “पण पंखा तुम्ही घडवायचा, मेव्हणे. दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा भरवसा नाही.”

सुतार बाहेर पडला तशी त्याच्या बहिणीनं, दाजींच्या बायकोनं, त्याला गोठ्याआड गाठलं.

“दादा, नाही म्हणून टाक.”

“मी नाही म्हटलं तर दुसऱ्याकडून करून घेतील.”

“मग असा कर, की ते जमीन सोडणार नाही.” ती पदराचं टोक पिळत होती. “लोक हसतील, हे चार दिवस तोंड पाडून बसतील, नाद सुटेल. माझं कुंकू तरी राहील.”

सुतार तसाच घरी गेला. पण लाकूड तासताना त्यानं पात्यांना पीळ जरा जास्त ठेवला. वाऱ्याचा घास मोठा व्हावा आणि हलक्या इंजिनाला तो गिळता येऊ नये, एवढाच. डोळ्यांना कळण्यासारखं नव्हतं. हाताला मात्र कळत होतं, आणि हात जड झाला होता.

कापणी झालेल्या रानात विमान आणलं. आभाळ पिवळट, वारा मेलेला, ढेकळं लोखंडासारखी. पंखा फिरला, इंजिन धापा टाकू लागलं. विमान धडपडत बांधापर्यंत गेलं आणि थांबलं. लोक पोट धरून हसले. बहिणीनं सुताराकडे बघून सुटकेचा श्वास टाकला.

दाजी घरात बसून राहिले. मग एके सकाळी शेडमधून पुन्हा हातोड्याचा आवाज येऊ लागला. सुतार धावत गेला. मोटारीचं इंजिन नाकावर बसलं होतं आणि तोल साधायला शेपटीत दगड बांधले होते.

हे इंजिन तो पंखा फिरवेल, विमान जमीन सोडेल, पण एवढं वजन वर टिकणार नाही, हे सुताराला कळलं. “दाजी, तो पंखा…”

“पंख्याला बोल लावू नका. तुमच्या हातचा आहे तो. इंजिनच लेचंपेचं होतं.”

दारात बहीण उभी होती, चेहरा पांढराफटक. खरं सांगावं तर तिचा संसार मोडायचा. सुतार चाचरत म्हणाला, “मी दुसरा करतो. तोवर थांबा.”

“बघू,” दाजी म्हणाले, आणि पाना फिरवत राहिले.

नव्या पंख्याचं एक पातं घडवून झालं होतं, तेवढ्यात रानाकडून घरघर ऐकू आली. जड, खोल आवाज. सुतार पटाशी टाकून पळाला.

तो पोचला तेव्हा विमान बांधाच्या टोकाशी उचललं जात होतं. लोक ओरडले. बहिणीनं दोन्ही हात तोंडावर घेतले. विमान माणसाच्या डोक्याइतकं वर गेलं, पलीकडच्या झाडांपर्यंतही पोचलं नाही. नाक वाकलं, एक पंख ढेकळांवर आपटला आणि सगळं धुरळ्यात गेलं.

दाजी मोडक्या फळ्यांखाली सापडले, शुद्धीवर. एक पाय भलतीकडे वळलेला.

“ओढ कमी पडली, मेव्हणे,” ते कण्हत म्हणाले. “आता याहून मोठं इंजिन बघायला हवं.”

सुताराला राहवलं नाही. “इंजिनाचं काही चुकलं नाही, दाजी. पीळ मी जास्त ठेवला होता. जाणूनबुजून. मीच.”

बहिणीचं नाव त्यानं घेतलं नाही. पण ती खाली बसली होती आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती, आता काय ऐकावं लागेल म्हणून. दाजींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत राग शोधून सापडला नसता.

“म्हणजे,” ते म्हणाले, “हलक्या इंजिनावर उडालं असतं!”

आणि तुटलेल्या पायानिशी ते हसू लागले. बहिणीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.