दहाचा घास

अंगणवाडीतल्या वजनकाट्याच्या झोळीत संस्कृतीला बसवलं, तर काटा सहावर जाऊन थांबला. उज्ज्वलाताईंनी झोळी सोडून पुन्हा अडकवली. पुन्हा सहाच. पोरीला सात महिने होऊन वर पंधरा दिवस झालेले. सहा महिने भरले तेव्हा ती पाच किलो नऊशे होती. दीड महिन्यात शंभर ग्रॅम. पेठच्या बाजारात शंभर ग्रॅम मिरच्या मागितल्या तर बाजारवाला पिशवीसुद्धा देत नाही.

ताईंनी तक्त्यावर टिंब दिलं. ते हिरव्या पट्ट्यातून खाली पिवळ्यात उतरलं.

"वरचं काय देतीस हिला?"

नूतन पोरीच्या अंगात झबलं घालत राहिली.

"नूतन, तुलाच इचारते. दूध पाजतीस ते झालं. वरचं काय?"

"काय न्हाई. उष्टावण व्हायचीय अजून."

"म्हंजे तोंडात कायच जात न्हाई?"

"आमच्या आई बिस्किट देतात. चहात बुडवून. दिवसाला चार-पाच."

"आन् त्याला उष्टावण लागत न्हाई?"

"बिस्किट म्हंजे अन्न न्हाई म्हणतात."

उज्ज्वलाताई वीस वर्षं ह्या गावात पोरं जोखत होत्या. त्या हसल्या नाहीत आणि ओरडल्याही नाहीत. "मैद्यानं पोट गच्च व्हतं आन् चहानं रक्त धरत न्हाई," म्हणाल्या. "आजपासनं खिमट सुरू कर. तांदूळ, मुगाची डाळ, वर तूप. मीठ नको, साखर नको. आन् पातळ पाणी पाजू नको. चमचा तिरका केला तर ओघळायला नको, असं घट्ट. पहिल्या दिवशी दोन चमचे. मग वाढव. वेळ मात्र ठरलेली पायजे."

"घरात परवानगी मिळायची न्हाई."

"परवानगी मागू नको मग," असं ताई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचं पोर झोळीत घातलं.

आता उष्टावणीचं घोडं कुठं अडलं होतं ते सांगितलंच पाहिजे, कारण ते ऐकून कुणालाही वाटेल की ह्या माणसांना अक्कल नाही. अक्कल होती. मान जास्त होता.

आमच्या भागात मुलाची उष्टावण सहाव्या-आठव्या महिन्यात करतात, मुलीची पाचव्या-सातव्या-नवव्यात. पहिला घास मामाच्या हातचा. त्याआधी अन्नाचं शीत ओठाला लागता कामा नये. नूतनचा भाऊ ज्ञानेश्वर मढचा, डोंगरकडचा, भात आणि नाचणी पिकवणारा. बारशाला तो स्वतःच्या वावरातली नाचणी घेऊन आला, धुऊन, वाळवून, भाचीला सत्त्व करायला म्हणून. नूतनची सासू प्रयागबाई हिनं पोतं बघितलं आणि भरल्या घरात बायकांसमोर म्हणाली, "बरं झालं बाई, कोंबड्यांची सोय झाली." बायका हसल्या. ज्ञानेश्वर न जेवता निघून गेला.

सातव्याचा मुहूर्त काढला तेव्हा त्याला फोन गेला. तो म्हणाला, माझं धान्य जिथं कोंबड्यांपुढं टाकलं तिथं मी घास भरवायचा नाही. प्रयागबाई म्हणाली, मग आम्ही काय पाय धरायचे? सातवा गेला. आठवा मुलीला चालत नाही. आता थेट नववा. आणि ह्या सगळ्यात जिला घास द्यायचा, ती आपली मूठ चोखत पडलेली.

नूतन घरी आली. सासरे भगवंततात्या ओट्यावर कांद्याची रोपं मोजत होते. नवरा आदेश चाकणच्या कंपनीतून रात्रपाळी करून नुकताच उठला होता. प्रयागबाईनं बशीत चहा ओतलेला आणि हातात बिस्किट.

"आण इकडं माझ्या बाईला. भूक लागली असंल."

"आई, ते ठेवा. आजपासनं बिस्किट बंद. मी खिमट लावते."

"उष्टावण व्हायच्या आधी?"

"हो."

"मामाच्या हाताबिगर घास दिला तर पोरगी हावरी निघती. दुसऱ्याच्या ताटाकडं बघत ऱ्हाती जल्मभर."

"आता बी बघती. कालच तात्या जेवत व्हते तर त्यांच्या ताटात हात घालायला गेली. तुमीच मागं वढली."

तात्यांनी रोप मोजायचं थांबवलं. ते खरं होतं.

आदेश तोंड धूत म्हणाला, "आई म्हणती तर थांबू की. नववा काय लांब न्हाई. एका महिन्यानं काय व्हतंय?"

"तुमी थांबा. तुमच्या डब्यात उद्यापासनं चहा-बिस्किट देते. महिनाभर. काय व्हतंय बघू."

आदेशनं टॉवेलात तोंड घातलं ते जरा जास्त वेळ घातलं.

तरीही नूतननं एकदा मढला फोन लावला. आपला तो आपला, असं माणसाला उगाच वाटतं.

"दादा, पोर पिवळ्या पट्ट्यात गेली. तू ये. पाच मिन्टाचं काम हाये. भरव आन् जा, पाणी बी पिऊ नको इथलं."

"येतो की. तुझ्या सासूला फोन करू दे. दोन शब्द बोलू दे. मग आलोच म्हणून समज."

"त्या न्हाई करायच्या."

"मग मला बी मान हाये, नुते."

"तुझा मान किती किलोचा हाये दादा? माझी पोर सहा किलोची हाये."

तिकडं तो काही बोलायच्या आत तिनं फोन ठेवला. सासूचा राग तिला आधीपासून होता. भावाचा त्या क्षणी आला, आणि तो जास्त झोंबला. तिला एवढं कळलं की ह्या भांडणात तिच्या बाजूनं कुणीच नाही. दोन्ही घरं एकमेकांचं नाक दाबत होती आणि तोंड मात्र तिच्या पोरीचं बंद होतं.

तिनं कुकर लावला.

शिट्टी झाली तशी प्रयागबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नूतननं भात-डाळ वाटीच्या बुडानं रगडली, तूप सोडलं, फुंकून मनगटावर लावून बघितली. पोरीला मांडीवर ताठ बसवलं. पहिला चमचा पोरीनं जिभेनं बाहेर ढकलला. हनुवटीवरून झबल्यावर गेला.

"बघ. तिला बी कळतंय," प्रयागबाई म्हणाली.

नूतननं हनुवटी पुसली आणि दुसरा दिला. पोरीनं तोंड वाकडं केलं, डोळे मिटले, जीभ आत-बाहेर केली. मग गिळला. मग दोन्ही हातांनी चमचा धरून ओढला.

तो ओढणारा हात बघून नूतननं पुन्हा चमचा भरला. रडायला वेळ नव्हता. वाटीत अजून होतं.

प्रयागबाईनं त्या दुपारी जेवण सोडलं. ताटावर बसली नाही, भिंतीकडं तोंड करून पडली. शेजारपाजारच्या बायका येऊन बघून गेल्या. तात्या म्हणाले, "अगं, तिला म्हण काहीतरी. म्हातारी उपाशी हाये."

नूतन गेली, उशाशी ताट ठेवलं. "आई, तुमी जेवला न्हाई तर लोक उपास म्हणतील. ही जेवली न्हाई तर तिच्या अंगावर दिसतंय. तुमची समजूत काढायला मी उद्या येते. आज मला वेळ न्हाई, तिला सहाला परत द्यायचंय."

प्रयागबाई रात्री दुधात भाकरी कुस्करून जेवली. कुणी बघितलं नाही असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी नूतननं दूधवाल्याच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्केचपेननं लिहिलं: सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. मधे अंगावरचं दूध. ते कॅलेंडर उलटं करून फ्रिजवर चिकटवलं. आदेश म्हणाला, "कंपनीतली शिफ्ट लावल्यागत केलंय." ती म्हणाली, "हो. आन् दहाची शिफ्ट तुमची. रात्रपाळी असली की घरीच असता." तो गमतीत बोलला होता, अडकला. पहिल्या दिवशी त्यानं पोरीच्या नाकात भात घातला. आठ दिवसांनी मात्र तोच आईला सांगायला लागला, "आये, मधेच काय देऊ नको, मग ती दहाला खात न्हाई."

सरळ काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी पोरीला शीचा खडा झाला, प्रयागबाईनं सगळ्या आळीला सांगितलं. ताईंना विचारून नूतननं उकळलेलं पाणी वाटीनं पाजायला सुरुवात केली, पपई कुस्करून दिली. एकदा पदराखाली बिस्किट सापडलं. नूतननं अख्खा पुडा नेऊन दारातल्या कुत्र्यापुढं ओतला, सासूच्या डोळ्यांदेखत. त्यावरून दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तरी तिन्ही वेळा चुकल्या नाहीत. भोपळा आला, रताळं आलं, नाचणीची पेज आली.

महिन्यानं काटा सहा किलो साडेतीनशेवर गेला. टिंब अजून पिवळ्यातच होतं, पण रेघ वर वळली होती.

आणि नववा महिना लागलाच होता. भगवंततात्या एक दिवस गाडी काढून स्वतः मढला गेले, ज्ञानेश्वरच्या ओट्यावर बसले, चहा प्याले आणि आमंत्रण देऊन आले. झालं. दोन महिने जे जमत नव्हतं ते एका कपात जमलं. नूतनला हे कळलं तेव्हा तिला आनंद व्हायला पाहिजे होता. तिला भांडी आपटावीशी वाटली.

उष्टावणीच्या आदल्या दिवशी प्रयागबाई हळूच म्हणाली, "उद्या पावणं येत्याल. ती खाती म्हणून बोलायचं न्हाई. पहिला घास हाये असंच म्हणायचं. आन् सकाळपासनं तिला काय देऊ नको, म्हंजे मामाच्या हातचं आवडीनं खाईल. मुहूर्त अकरा वीसचा."

"माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

"एक दिवस गं."

"एक दिवस करत करत दीड महिना गेला व्हता, आई."

सकाळी नऊपासून माणसं जमली. ज्ञानेश्वर नवी टोपी घालून आला, भाचीला चांदीची वाटी घेऊन. प्रयागबाईनं खीर केली, पाटाभोवती रांगोळी काढली. पंगतीच्या पत्रावळ्या तयार. मामाचा घास झाल्याशिवाय पंगत बसत नाही.

दहा वाजले. संस्कृती ओट्यावर बायकांच्या मांडीवरून मांडीवर जात होती, ती कुरकुरायला लागली. नूतन आत गेली, खिमटाची वाटी घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांच्या मधोमध बसली. पोरीनं वाटी बघून पाय झाडले.

"अगं, उष्टावण व्हायचीय ना?" एक बाई म्हणाली.

"तुमच्यासाठी व्हायचीय. तिची झाली. महिना झाला. घरात मीच केली, मामा रुसला व्हता म्हणून."

प्रयागबाई भिंतीकडं बघत राहिली. ज्ञानेश्वरनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. नूतन एकेक चमचा भरवत राहिली. पोरीचं मचमच खाणं साऱ्या ओट्यावर ऐकू येत होतं. वाटी संपली, पोर अंगावर प्यायली आणि साडेदहाला झोळीत गाढ झोपली.

अकरा वीस झाले.

"उठव तिला," प्रयागबाई म्हणाली. "मुहूर्त चाललाय."

"न्हाई."

"अगं, नुसतं ओठाला लावू."

"झोपलीय ती. हात लावायचा न्हाई." नूतन झोळीच्या आडवी बसली. "दोनला तिची वेळ हाये. पावण्यांना भूक लागली असंल तर पंगत बसवा. तिच्यापायी कुणी उपाशी ऱ्हायचं कारण न्हाई."

पंगत बसली नाही. मामाच्या घासाआधी जेवायचं कसं? माणसं ओट्यावर जांभया देत राहिली, दोघंजण गाड्या काढून मंचरकडं गेले आणि भेळ खाऊन आले. तात्या घड्याळाकडं बघत होते. मुहूर्त गेल्याचं आता कुणी बोलत नव्हतं.

पावणेदोनला झोळी हलली. ज्ञानेश्वरनं उठून साबणानं हात धुतले, चांदीच्या वाटीत खिरीऐवजी आतलं खिमट मागून घेतलं आणि बहिणीसमोर मांडी घालून बसला.

"किती भरवू?"

"ती तोंड फिरवंल तिथं थांब," नूतन म्हणाली.