द्रौपदीबाईंची खोकी

संघमित्रा गायसमुद्रे मुलुंडच्या एका कॉलेजात लॉजिस्टिक्स शिकवायची. त्याआधी ती भिवंडीच्या गोदामात नोकरीला होती, त्यामुळे माल कुठे आणि कसा अडतो हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं. तरी शिकवायला उभी राहिल्यावर तिनेही पुस्तकच धरलं, आणि पुस्तकात सगळी उदाहरणं परदेशातली. एकदा ती कुठल्याशा बर्फाळ देशातल्या मोठ्या दुकानाची केस समजावत होती, तेव्हा मागच्या बाकावरून विकीने विचारलं, "मॅडम, या दुकानात जायचं तर कुठल्या स्टेशनला उतरायचं?"

वर्ग हसला. तीही हसली. पण घरी जाताना तिला वाटलं, पोरगा बरोबर बोलला.

भांडुपच्या एका डेपोचे मॅनेजर जयवंत म्हात्रे तिच्या जुन्या ओळखीचे होते. तिने त्यांना फोन केला. "सर, मला एक केस द्या. सुटलेली नको. तुमच्या डोक्याला ताप देणारी द्या."

जयवंतसर वर्गावर आले ते इस्त्रीच्या शर्टात, थोडे अवघडून. त्यांच्या गाड्या घरच्या घरी डायलिसिस करणाऱ्या पेशंटांना औषधी पाण्याच्या पिशव्या पोचवायच्या. महिन्याचा साठा एकदम, खोक्यांनी. आणि मुलुंड-घाटकोपरच्या पट्ट्यात कितीतरी खोकी परत यायची. ड्रायव्हर कागदावर शेरा मारायचा, 'दार बंद'.

"आजारी माणसं आहेत, पण घरी नसतात," जयवंतसर म्हणाले. "कुठे जातात देव जाणे. आमचं डिझेल जळतं आणि वर तक्रार आमचीच."

मुलांनी धडाधड उपाय सांगितले. गाड्या वाढवा. ॲप काढा. ज्याचं दार दोनदा बंद, त्याला दंड लावा. हा शेवटचा विकीचा. संघमित्राने फळ्यावर काहीच लिहिलं नाही. "यातल्या एकाही दारासमोर आपण उभे राहिलेलो नाही," ती म्हणाली. "आधी एक घर बघू."

जयवंतसरांनी एका पेशंटची परवानगी मिळवून दिली. द्रौपदीबाई सोनोने, मुलुंड कॉलनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. 'सकाळी कधीही या' असा निरोप होता. संघमित्रा विकीला आणि पूर्वीला घेऊन गेली, पण पोचेपर्यंत जेवणाची वेळ होत आली. पूर्वी वर्गात सगळ्यात कमी बोलणारी मुलगी, पण तिच्या वहीत सगळ्यांचं बोलणं उतरलेलं असायचं.

बेल वाजवली. कोणी आलं नाही. पुन्हा वाजवली.

"दार बंद," विकी म्हणाला. "झाली केस. चला, वडापाव खाऊ."

"थांब ना जरा," पूर्वी म्हणाली. तिने कान दाराला लावला. "मॅडम, आतून कोणीतरी बोलतंय."

संघमित्रानेही कान लावला. आवाज दबलेला होता, तोंडावर उशी धरल्यासारखा. "थांबा. जोडलेलं आहे. उठता येत नाही."

ती तिघं जिन्यात बसली. विकीने दोनदा मोबाइल काढला, दोनदा खिशात घातला. खालच्या मजल्यावर कोणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. बसून बसून पाय आखडले, तेव्हा कुठे कडी वाजली. दारात साठीच्या पुढची, बारीक अंगाची बाई उभी होती, तोंडावर मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले.

"या बाई. बसा. लई वेळ खोळंबले ना तुम्ही?"

घर एका खोलीचं. भिंतीला बाबासाहेबांचा फोटो, खिडकीशी कॉट, कॉटवर उंच खिळ्याला अडकवलेली रिकामी पिशवी. द्रौपदीबाईंनी सगळं दाखवलं. वरच्या पिशवीतलं पाणी नळीतून पोटात उतरायचं. त्याआधी पोटातलं जुनं पाणी खालच्या पिशवीत निघायचं. दिवसातून चार वेळा. तेवढा वेळ पंखा बंद, दार-खिडकी बंद, मास्क लावलेला. मध्ये उठायचं नाही. पोटात जंतू गेले तर थेट हॉस्पिटल.

"आणि नेमकी तेव्हाच बेल वाजते?" पूर्वीने विचारलं.

"नेहमी नाही. पण वाजली की मी आतून हाका मारते. मास्कातून आवाज जाऊन जाऊन किती जाणार. मग पावलं जिना उतरताना ऐकू येतात."

"मग कंपनीला सांगितलं का नाही?" विकी म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता.

"काय सांगू रे बाळा? त्या पोरांनाही घाई असते. आणि तक्रार केली न् पाणीच बंद केलं तर?" मागे एकदा साठा संपत आला तेव्हा त्यांनी रोजच्या चारातली एक पिशवी वगळून दिवस काढले होते. पाय सुजून चप्पल चढेना. हेही त्यांनी असं सांगितलं, जसं कोणी भाजी महागल्याचं सांगतं.

त्यांनी तिघांना कपभरून चहा दिला. स्वतःच्या कपात दोन घोट ओतले. पाणी मोजून प्यावं लागायचं त्यांना. बसायला जी स्टुलं दिली होती ती खोकीच होती, वर जुनी चादर घातलेली. हे कळल्यावर विकी चटकन उठून खाली जमिनीवर बसला.

निघताना संघमित्राने विचारलं, "मावशी, या पाण्यामुळे आणखी काय काय अडलंय तुमचं?"

"चंपाकडे जाणं. धाकटी बहीण माझी, अकोल्याकडे खेड्यात असते. आजार लागल्यापासून गेले नाही. एवढी खोकी डोक्यावर घेऊन जाऊ का? ती म्हणते ये, मी म्हणते येईन. फोनवरच चाललंय."

पुढच्या वेळी जयवंतसर आले तेव्हा पूर्वी फळ्यापाशी उभी राहिली. बोलणं सरळ होतं. वर्गाने पेशंटांना फोन केले होते. बहुतेकांच्या पिशव्या बदलायच्या वेळा सारख्याच निघाल्या, पहाटे, दुपारी जेवणाआधी, संध्याकाळी, झोपताना. आणि गाडी मुलुंडात नेमकी जेवणाआधी पोचत होती. वर्गाचा उपाय असा: त्याच गाडीतली ऑफिसांची पार्सलं दुपारी द्यायची, घरांची खोकी चहाच्या वेळी, आणि निघताना पेशंटला एक फोन. जास्तीची गाडी लागणार नव्हती.

जयवंतसरांनी फळ्यावरच्या वेळा पुन्हा वाचल्या. "म्हणजे ती माणसं घरातच होती," ते म्हणाले.

संघमित्राला वाटलं होतं, ते चिडतील. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, उगाचच. "मुलुंडच्या गाडीवर करून बघतो. लहूला सांगतो, आमचा जुना ड्रायव्हर आहे. बाकीच्या डेपोंचं माझ्या हातात नाही."

"सर, अजून एक आहे," पूर्वी म्हणाली. "केसमध्ये नाही बसत ते." आणि तिने चंपाबद्दल सांगितलं.

"बाळ, करार एका पत्त्याचा असतो," जयवंतसर म्हणाले. विषय तिथेच संपला.

पण चार दिवसांनी त्यांचा संघमित्राला फोन आला. "मॅडम, अकोल्याला आमच्या ओळखीचा डेपो आहे. मी विचारलंय. डॉक्टरांची चिठ्ठी लागेल. ती मिळाली तर पंधरा दिवसांचा साठा तिकडून सोडतील. पुढे गावापर्यंतचं मात्र तुमच्या पोरांनी बघायचं."

तयारीच्या दिवसांत वर्गाने पुस्तक उघडलंच नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. पूर्वीने चंपाबाईंशी बोलून खोलीचं विचारलं, स्वच्छ आहे का, दार लागतं का. चंपाबाईंनी खोली शेणाने सारवायचं ठरवलं होतं, ते पूर्वीने जंतूंच्या भीतीने फोनवरच विनवून थांबवलं. त्यांनी मग जमिनीवर प्लास्टिक अंथरून घेतलं आणि भिंतीला चुना मारला. विकीचं म्हणणं एकच होतं, खोकी आधी पोचली पाहिजेत, मावशी नंतर, आणि तरीही दोन दिवसांच्या पिशव्या मावशींच्या सोबत हव्यात. "काही झालं तरी हातात काहीतरी असू दे ना यार."

संघमित्रा मनातून घाबरलेली होती. एका आजारी बाईला आपण वर्गाच्या हौसेपायी घराबाहेर काढतोय का, असं तिच्या मनात पुन्हा पुन्हा यायचं. ती एकटीच द्रौपदीबाईंकडे गेली आणि स्पष्ट म्हणाली, "मावशी, भीती वाटत असेल तर नाही म्हणा. कोणी रागावणार नाही."

द्रौपदीबाई पिशवीत नवी साडी भरत होत्या. "भीती तर हाय ना बाई. पण इथं बसूनही तीच हाय."

त्या शेजारच्या संगीताबरोबर रेल्वेत बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याहून खोकी घेऊन निघालेल्या टेम्पोच्या ड्रायव्हरचा विकीला फोन आला. गावाआधीचा पूल खचलाय, टेम्पो पलीकडे जाणार नाही, खोकी परत नेतो. वर्ग चालू होता. विकी फोन कानाला लावून उभा राहिला. एरवी तो ड्रायव्हरवर ओरडला असता.

"दादा, परत नको नेऊ," तो म्हणाला. "तुझी घाई कळते मला. फक्त सावलीत थांब. मी कोणालातरी पाठवतो." मग त्याने चंपाबाईंना फोन लावला. त्यांचा दीर शेतात होता. तासाभराने पुलाच्या पलीकडे बैलगाडी उभी राहिली. ड्रायव्हरने स्वतः खोकी उचलून चालत पलीकडे नेऊन दिली आणि फोटो पाठवला, बैलगाडीत खोकी, वर ताडपत्री, बाजूला दोन पोरं बसलेली. वर्गातल्या मोबाइलवर तो फोटो फिरत राहिला. त्या दिवशी संघमित्राने शिकवायचा प्रयत्नच सोडून दिला.

द्रौपदीबाई संध्याकाळी पोचल्या. बहिणी भेटल्या तेव्हा काय झालं ते संगीताने सांगितलं. दोघी दारातच एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या, आणि मग चंपाबाई एकदम म्हणाल्या, किती वाळलीस गं.

मुलुंडला तोवर नवी वेळ लागू झाली होती. लहू निघताना फोन करू लागला. परत येणारी खोकी कमी झाली, पूर्ण थांबली नाहीत. घाटकोपरच्या एका पेशंटला फोन ऐकूच यायचा नाही, त्याचं काय करायचं यावर वर्गात अजून भांडण चालू होतं. दुसऱ्या डेपोंनी ही पद्धत घेतली नाही. जयवंतसर त्यांना पुन्हा पुन्हा विचारत होते.

पंधरवडा संपत आला तेव्हा द्रौपदीबाईंचा फोन आला. संघमित्रा स्टाफरूममध्ये डबा उघडून बसली होती, जयवंतसर समोर, पुढच्या केसचे कागद पसरून.

"बाई, एक विचारू?" द्रौपदीबाईंच्या मागे कोंबड्यांचा आणि मुलांचा कालवा ऐकू येत होता. "चंपा म्हणते, अजून आठ दिवस राहा. चुलतपुतणीला बघायला येणार हायेत. मला राहावंसं वाटतंय. जमेल का? नसेल जमत तर येते मी, तसं काही नाही."

संघमित्राने फोनवर हात ठेवून जयवंतसरांना सांगितलं. त्यांनी कागद बाजूला सारले, पेन उघडलं.

"त्यांना विचारा," ते म्हणाले, "आठ दिवस पुरतील का."