लिंबावरचा रूळ

मी एक जुना रूळ आहे. खरं तर रुळाचा तुकडा. हातभर लांब, आठ किलो वजनाचा. लातूरच्या एका कॉलनीतल्या सामायिक बागेत कडुलिंबाच्या फांदीला साखळीनं टांगलेला. माझ्याखाली चौदा वाफे आहेत, एक बोअर, दोन लिंब आणि एक शेवगा. मधोमध तीस बाय चाळीस फुटांची एक जागा आहे. तिथं कुणीही काही पेरत नाही.

मित्रांनो, पूर्वी माझ्यावरून छोटी रेल्वे जायची. माझं एक टोक झिजलं, तेव्हा मला कापून भंगारात टाकलं. मी तिथं गंजत पडलो असतानाच त्र्याण्णवचा भूकंप झाला. त्या दिवसांत या कॉलनीतली माणसं घरात झोपेनात. कॉलनीच्या मोकळ्या जागेत ताडपत्र्या बांधून सगळे राहिले. ताडपत्र्या निघाल्या, तरी जागेचा लळा राहिला. कुणी मेथी लावली, कुणी अंबाडी. अशी ही बाग झाली.

मला इथं आणलं रुक्मिणबाईंनी. औसा तालुक्यातल्या त्यांच्या गावात घरातलं कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्या भावाकडे राहायला आल्या होत्या. मला टांगलं वेल्डिंगचं दुकान असलेल्या हनीफभाईंनी.

"भाबी, आवाज पार गंजगोलाईपर्यंत जाईल बघा."

"आधी आमच्या साखराबाईला ऐकू जाऊ द्या. पाळी सरली तरी पाणी सोडत न्हाई ती."

तीन टोल म्हणजे पाण्याची पाळी बदलली. न थांबता टोल म्हणजे हातातलं टाकून मधल्या जागेत या. नियम एवढाच होता. त्या काळी मला मान होता. लहान मुलांनासुद्धा माझे टोल ओळखता यायचे.

मग शहरात क्लासेस वाढले. किनवट, जळकोट, लोहा, कुठून कुठून मुलं शिकायला आली. बागेला लागूनच किशनरावांनी तीन मजली वसतिगृह बांधलं. एक दिवस ते रुक्मिणबाईंकडे आले.

"मावशी, तुमचा टोल वाजला की पोरांचं ध्यान उडतं. पालकांचे फोन येऊन राहिले मला."

"फोन येऊन राहिले? म्हणजे ऐकू जाऊन राहिलं."

"चेष्टा नका करू. परीक्षा तोंडावर हाय. अन् ती मधली जागा रिकामीच हाय की, पोरांच्या सायकली तरी लावू द्या."

कॉलनीची बैठक झाली. रुक्मिणबाई एकट्या पडल्या. पाण्याची पाळी मोबाइलवर कळू लागली. माझ्याभोवती पोतं गुंडाळलं गेलं आणि मधली निम्मी जागा सायकलींनी भरली. पोत्याच्या आत मला एकच चिंता लागून राहिली. वसतिगृहात दरवर्षी नवी मुलं येत होती आणि माझा आवाज कशासाठी आहे, हे त्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं.

एका रविवारी सकाळी हनीफभाई वांग्यांना पाणी देत होते. आधी जमिनीतून घरघर आली. मग फांदी हलली, मी हललो. वारा नव्हता. हनीफभाईंनी पोतं ओढून फेकलं आणि हातात आलेल्या पान्यानं मला बडवायला सुरुवात केली.

कॉलनीतली जुनी माणसं धावत आली. साखराबाई बादली घेऊन आल्या. वसतिगृहाच्या मात्र खिडक्या बंद होऊ लागल्या. एक, दोन, पाच, नऊ. माझा आवाज नको म्हणून मुलं खिडक्या लावून घेत होती. बागेकडच्या चोवीसपैकी एकोणीस खिडक्या बंद झाल्या. मी जितका ओरडलो, तितकी मुलं आत कोंडली गेली. मित्रांनो, इतकी भीती मला रेल्वेखालीसुद्धा वाटली नव्हती.

एका खिडकीतून नांदेडची सदफ ओरडली, "चाचा, जरा आहिस्ता! क्लासचा सराव पेपर चालू आहे!"

"बेटी, पेपर राहू दे, खाली ये! जमीन हलली!"

"आम्हाला वाटलं, पंखा हलतोय!"

धक्का बारीक होता. काही पडलं नाही. सदफ खाली आली, तेव्हा रुक्मिणबाई मधल्या जागेत बसलेल्या होत्या.

"आजी, पण इथंच का यायचं?"

"इथं वर काही न्हाई, म्हणून. आमच्या गावात कुणी कुणाला हाक मारली न्हाई, पोरी. येळच न्हाई भेटला."

सदफनं जाऊन पहिली सायकल ओढून बाजूला लावली.

किशनरावांना तिनंच गाठलं. दर रविवारी पेपर संपला की मला बडवायचं आणि मुलांनी खाली यायचं, असं ठरलं. पहिल्या रविवारी एका मिनिटात स्वयंपाकघराच्या अरुंद दारानं तेवीस मुलं पोचली. बाकीची फाटकाशी अडकली. फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली किशनरावांच्या खिशात होती.

"पोरं टपरीवर पळतात, म्हणून लावतो," ते म्हणाले.

"अन् जमीन हलल्यावर तुम्हाला कुठं हुडकावं त्यांनी?" रुक्मिणबाईंनी विचारलं.

किशनरावांनी कुलूप काढलं. ते पुन्हा लागेल का, याची काळजी मला रोज असते.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, हार घालू नका. बाग जपायची म्हणजे पाणी आणि खत घालायचं, एवढंच नव्हे. मधली जागा मोकळी ठेवा. कॉलनीत नवं माणूस राहायला आलं की मला एकदा वाजवून दाखवा आणि तो आवाज कशाचा आहे, ते सांगा. मला स्वतःहून वाजता येत नाही.

काल पाचवा रविवार होता. टोल हनीफभाईंनी दिले, वेळ सदफनं मोजली. एका मिनिटात मधल्या जागेत पोचलेली मुलं : एकशे अडुसष्टपैकी एकशे अकरा.